‘जंगली’ ग्रेग आणि त्यांचा गोलंदाज



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय येते, इतिहास येतो, शेतीचे प्रश्न येतात. तिथे एका इंग्रज क्रिकेटपटूच्या कारकिर्दीचे आम्हा गडबकरांना काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल. माझे उत्तर असे की, ही कारकीर्द इंग्रजाची असली तरी ती घडली पुण्यात, आणि ती घडवणारे हात होते आपल्या कोकणातल्या एका माणसाचे. त्या हातांचा हिशेब मांडल्याशिवाय ती कारकीर्द पुरी होत नाही. तो हिशेब मांडण्यासाठी मी इथे उभा आहे.

प्रथम इंग्रजाची ओळख करून देतो. जॉन ग्लेनी ग्रेग हे त्यांचे नाव. जन्म १८७१ सालचा आणि तोही हिंदुस्थानातच, महूच्या छावणीत. शिक्षण विलायतेत झाले, नोकरी लष्करात पत्करली आणि १८९० नंतरच्या दशकात हा ठेंगणा, सडपातळ अधिकारी पुण्याच्या छावणीत आला. आपल्या लोकांना ‘जॉन ग्लेनी’ हा उच्चार काही केल्या जमेना. होता होता त्याचे ‘जंगली’ झाले, आणि गंमत अशी की विलायतेतसुद्धा क्रिकेटच्या वर्तुळात ते ‘जंगली ग्रेग’ याच नावाने ओळखले गेले. एका इंग्रजाचे बारसे आपल्या लोकांनी करावे आणि ते नाव त्याने जन्मभर मिरवावे, असे योग थोडेच.

ग्रेग मनगटाच्या जोरावर खेळणारे फलंदाज होते. मुंबई इलाख्यात युरोपियन आणि पारशी यांच्यात १८९२ पासून मानाचे सामने होत असत. त्या सामन्यांत युरोपियनांच्या फलंदाजीचा कणा म्हणून ग्रेग कित्येक वर्षे उभे राहिले आणि पार्शांविरुद्ध त्यांनी द्विशतकही झळकावले. रजा घेऊन मायदेशी गेले की ते हँपशायर काउंटीकडून खेळत. काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा. आपल्याकडे रायगड विरुद्ध रत्नागिरी असा सामना रंगावा, तसे तिकडे काउंटी-काउंटींचे सामने रंगतात. फरक एवढाच की तिकडच्या क्रिकेटचा सारा डोलारा त्या सामन्यांवरच उभा आहे. १९०१ साली लिव्हरपूलला लँकाशायरसारख्या बलाढ्य काउंटीविरुद्ध ग्रेग यांनी नाबाद २४९ धावा केल्या. १९०१ ते १९२२ या काळात, नोकरीतून सवड मिळेल तसे, ते हँपशायरसाठी खेळत राहिले. मुंबईच्या गव्हर्नरांचे लष्करी चिटणीस म्हणूनही त्यांनी काम केले. निवृत्तीनंतर हँपशायर क्लबची चिटणिशी सांभाळली, आणि पुढे, ऐकून नवल वाटेल, ते कॅथलिक पंथाचे धर्मगुरू झाले. १९५८ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

ही झाली छापील कारकीर्द. संदर्भग्रंथ उघडला तर एवढे आपल्याला मिळेल. पण २४९ धावा करणारे मनगट तयार कुठे झाले, हा प्रश्न त्या ग्रंथाला विचारला तर तो गप्प बसतो. त्याचे उत्तर पुण्यात आहे.

पुण्याच्या छावणीत युरोपियनांचा एक क्लब होता. त्या क्लबात १८९२ च्या सुमारास एक तरुण नोकर लागला. कामे कोणती, तर मैदानावर रूळ फिरवायचा, खेळपट्टी आखायची, सरावासाठी जाळ्या उभारायच्या, टेनिसच्या पटांगणाची निगा राखायची. पगार दरमहा चार रुपये. त्यापूर्वी एका पारशी क्लबात तो हीच कामे तीन रुपयांवर करीत होता. या तरुणाचे नाव बाळू पालवणकर. वडील पलटणीत शिपाई, त्यामुळे जन्म धारवाडचा. पण आडनावच सांगते की घराणे कोकणातले. जातीने चर्मकार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य.

सज्जनहो, इथे क्षणभर थांबून एक गोष्ट बोलतो. इतका वेळ मी ग्रेग यांना ‘ते’ म्हणत होतो आणि बाळूंचे नाव आले तसा ‘तो नोकर लागला’ म्हणालो. आपल्यापैकी कोणालाही ते खटकले नसेल, कारण सव्वाशे वर्षांपासून आपण असेच बोलत आलो आहोत. एक ‘ग्रेगसाहेब’ आणि दुसरा नुसता ‘बाळू’! व्याकरणातले हे एकवचन आणि अनेकवचन माणसाची किंमत ठरवून मोकळे होते. येथून पुढे मी दोघांनाही सारखेच अहो-जाहो करणार आहे.

तर बाळू पालवणकर जाळीत साहेबांना चेंडू टाकू लागले. डाव्या हाताने संथ चेंडू टाकायचा, हवेत उंच तरंगता ठेवायचा, कधी आत तर कधी बाहेर वळवायचा, आणि हे सारे एकाच ठेक्यात, हाताच्या हालचालीवरून काही थांग लागू न देता. ग्रेग यांनी हे गुण हेरले. सांगतात की, इतर सभासद मैदानावर येण्याच्या आधीच ते येत आणि तास-तासभर बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. अशीही आख्यायिका आहे की, बाळूंनी आपल्याला बाद केले की दर वेळी ग्रेग त्यांना आठ आणे देत.

या आठ आण्यांचा हिशेब करू या. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. आठ आणे म्हणजे महिन्याच्या पगाराचा आठवा हिस्सा, जवळजवळ चार दिवसांची मजुरी. चार दिवस रूळ ओढून जे मिळायचे ते एका फसव्या चेंडूने मिळत होते. गोलंदाजाची बुद्धी धारदार व्हायला याहून चांगली सहाण कोणती? आणि दुसरी बाजू पाहा. ज्या फलंदाजाला दररोज सकाळी असा गोलंदाज झेलावा लागतो, त्याला पुढे लिव्हरपूलच्या मैदानावर कोणाची भीती वाटणार? २४९ धावांचे श्रेय ग्रेग यांचे आहेच. ते कोणी हिरावून घेऊ नये. पण त्या मनगटाच्या तयारीत पुण्याच्या जाळीतल्या हजारो चेंडूंचा वाटा होता, असे मी म्हणेन. त्या चेंडूंची नोंद कोणत्याही धावफलकावर नाही.

आता कळीचा मुद्दा. रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासाचा मोठा ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध केला. बाळूंची कहाणी देशभर नव्याने कळली ती या ग्रंथामुळे. त्यात एक गोष्ट नमूद आहे आणि ती माझ्या मनातून जात नाही. पुण्यात बाळूंनी साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकले, पण त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी ही साहेबाची मिरास. चेंडू टाकणे हे चाकराचे काम!

याला केवळ आपली जातिव्यवस्था जबाबदार होती असे समजू नका. इंग्लंडमध्येही तेच होते. तिथे क्रिकेटपटूंचे दोन वर्ग असत. हौशी ‘सद्गृहस्थ’ आणि पैसे घेऊन खेळणारे ‘खेळाडू’. दोघे एकाच संघात खेळत, पण कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत आणि कित्येक ठिकाणी मैदानावर उतरण्याचे दरवाजेही वेगळे असत. धावफलक छापताना सद्गृहस्थाची आद्याक्षरे आडनावाआधी आणि पगारी खेळाडूची आडनावानंतर घालण्याची रीत होती. ऊर फुटेस्तोवर चेंडू टाकायचे काम बहुतांशी पगारी माणसाकडे आणि ऐटीत बॅट फिरवायचे काम सद्गृहस्थाकडे. हा भेद तिकडे १९६२ च्या हंगामानंतर मोडीत निघाला. तोवर आपल्या देशाला स्वातंत्र्य मिळून पंधरा वर्षे झाली होती! विलायतेचे जुने पाणी आपल्या जातीच्या आडात येऊन पडले, एवढेच.

पुढची हकीकत बाळूंच्या पराक्रमाची आहे. पुण्यातल्या हिंदू खेळाडूंना गोऱ्यांच्या क्लबाला हरवायचे होते. ज्याच्यामुळे ते शक्य होते तो माणूस डोळ्यांसमोर दिसत होता. पण त्याला संघात घ्यायचे तर विटाळाचा प्रश्न! बराच काथ्याकूट झाला. अशा गोलंदाजाला वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा अर्थाचे मत खुद्द ग्रेग यांनी जाहीरपणे दिले, अशी नोंद आहे. अखेर बाळूंना घेतले. मैदानावर सारे एक झाले, कारण त्यांनी फेकलेल्या चेंडूला हात लावल्याशिवाय खेळ चालणे शक्य नव्हते. पण चहाची वेळ झाली की संघातले सवर्ण सोबती मंडपात कपबशीतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. वापरले की फेकून देण्याच्या भांड्यात. जेवणाचे पानही निराळे.

विचार करा, मंडळी. ज्या हाताने टाकलेला चेंडू चालतो, त्या हाताने धरलेली कपबशी चालत नाही! चेंडूला विटाळ नाही, कारण चेंडूने बळी मिळतात. आपला स्वार्थ जिथे सुरू होतो तिथे धर्मशास्त्र संपते आणि स्वार्थ संपला की धर्मशास्त्र पुन्हा सुरू होते.

ही विसंगती ज्यांनी ओळखली त्यांत न्यायमूर्ती रानडे होते. पुण्याचा हिंदू संघ साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी खेळायला गेला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर दिवसेंदिवस रूळ फिरवला म्हणतात. ज्याने जन्मभर रूळ ओढला त्याला रुळाची भीती ती काय! बाळूंनी सात बळी घेतले आणि सामना जिंकून दिला. त्यानंतरच्या समारंभात रानड्यांनी बाळूंना हार घातला आणि सोबतच्या खेळाडूंना बजावले की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यालाही हरकत असता कामा नये. पुढे लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा जाहीर गौरव केल्याची नोंद सापडते. रानडे आणि टिळक यांचे किती बाबतींत पटत नसे हे आपण जाणता. डावखुऱ्या फिरकीपुढे मात्र दोघांचेही एकमत झाले.

१८९६-९७ च्या प्लेगाच्या धामधुमीत बाळू मुंबईला आले. बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याचे दार, थोड्या कुरबुरीनंतर का होईना, उघडले. मग आला फेब्रुवारी १९०६ चा सामना, हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ वर आटोपले. हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळवला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. वंगभंगाच्या चळवळीने वातावरण तापलेले असताना मिळालेला हा विजय लोकांनी डोक्यावर घेतला, यात नवल नाही. पण ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारक पत्राने दुसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवले. एका अस्पृश्य मानलेल्या खेळाडूला हिंदूंनी आपल्यात सामावून घेतले, हा त्या पत्राला खरा विजय वाटला. गोऱ्यांवर मिळालेल्या जयापेक्षा स्वतःवर मिळवलेला जय मोठा, हा त्यातला मथितार्थ.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल हिंदी संघ विलायतेला गेला. तेव्हा बाळूंचे वय पस्तिशीच्या घरात होते आणि खांदा दुखत होता. संघाची कामगिरी बेताचीच झाली. प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी दहा हरले, दोन अनिर्णित राहिले आणि दोन जिंकले. जिंकलेले दोन्ही सामने काउंटींविरुद्धचे, लेस्टरशायर आणि सॉमरसेट यांच्याशी झालेले. लेस्टरला बाळूंनी सामन्यात अकरा बळी घेतले. टाँटनला सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक ठोकले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात बाळूंनी १०३ धावांत आठ गडी बाद केले. साऱ्या दौऱ्यात त्यांचे ११४ बळी झाले, आणि त्यांतले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतले.

ग्रेग यांची कारकीर्द आणि बाळूंची कारकीर्द आता शेजारी-शेजारी ठेवून पाहा. एक माणूस पुण्याच्या जाळीत तयार झाला आणि काउंटीचा नामांकित फलंदाज झाला. दुसरा त्याच जाळीत तयार झाला आणि त्याच काउंट्यांचे फलंदाज त्याने एकामागून एक तंबूत धाडले. जाळी एक, चेंडू एक, सकाळ एक. एका बाजूच्या माणसाला खेळपट्टी तयार मिळाली. दुसऱ्याला ती आधी स्वतः तयार करावी लागली. प्रथम दर्जाच्या केवळ ३३ सामन्यांत बाळूंच्या नावावर १७९ बळी आहेत, आणि प्रत्येक बळीमागे सरासरी पंधरा धावा पडल्या आहेत. हे आकडे जगातल्या कुठल्याही गोलंदाजाने अभिमानाने मिरवावेत असे आहेत.

मायदेशी परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्रात तरुण भीमराव आंबेडकरांचा हात होता असे सांगतात. पुढे राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. पण १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. ज्या तरुणाने आपल्या पराक्रमाचा अभिमान बाळगला त्याच्याशीच सामना खेळण्याची वेळ त्यांच्यावर आली. इतिहास असे चेंडू टाकतो, ते कसे वळतील हे फलंदाजाला काय, गोलंदाजालाही सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र बाळूंना मिळाली नाही, ती म्हणजे हिंदू संघाचे कप्तानपद. वय होते, अनुभव होता, अधिकार होता. १९२० साली या प्रश्नावरून मोठा वाद झाला. शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले. अखेर कप्तान पै यांनी बाळूंना उपकप्तान केले आणि खेळ चालू असताना काही वेळ स्वतः मैदानाबाहेर जाऊन त्यांच्या हाती सूत्रे दिली. तेवढा काळ का होईना, रूळ ओढणारा माणूस संघाला हुकूम देत उभा होता. १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडाजीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, तेही १९४८ साली. म्हणजे ही कहाणी आपल्याच भाषेत कधीची छापली गेली होती. देशाने ती ऐकली मात्र अर्ध्या शतकानंतर आणि इंग्रजीतून.

बाळू पालवणकर १९५५ च्या जुलैत गेले, ग्रेग १९५८ च्या मे महिन्यात. तीन वर्षांच्या अंतराने जाळीच्या दोन्ही बाजू रिकाम्या झाल्या.

मंडळी, ग्रेग यांना खलपुरुष ठरवण्यासाठी मी हे बोललो नाही. गुण ओळखणे, त्याचे मोल रोख देणे आणि वेळ आली तेव्हा त्या गुणाच्या बाजूने बोलणे, या तिन्ही गोष्टी त्यांनी केल्या. त्या काळच्या अनेकांनी यांतली एकही केली नाही. पण चौथी गोष्ट त्यांना सुचली नाही. एका सकाळी बॅट पुढे करून, ‘आज तुम्ही खेळा, मी चेंडू टाकतो’ असे म्हणावे, हे त्यांच्या मनात आल्याची नोंद कुठेच नाही. गुणाची कदर आणि माणसाची बरोबरी या दोन गोष्टी एक नव्हेत. आठ आण्यांत पहिली होते. दुसरीला बॅटच द्यावी लागते.

हे आपल्याला समजायला कठीण नाही. आपल्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन पाहा. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याचे नाव होते, आणि व्हावेच. ती कला अवघड आहे. पण शाडूची माती मळणारा, साच्यातून मूर्ती अलगद सोडवणारा, ती उन्हात सुकवणारा माणूस कोण, हे आपण कधी विचारतो का? माती नीट मळली नाही तर मूर्तीला तडा जातो, मग आखणी करायची कशावर?

आणि मैदानाचेच घ्या. भाताची कापणी झाली की आपल्या भागात शेताशेतांतून क्रिकेट सुरू होते आणि पावसाची पहिली सर येईतो ते चालते. गावोगावी स्पर्धा भरतात, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने होतात, ध्वनिक्षेपकावर फलंदाजाच्या नावाचा गजर होतो. त्याच मैदानावर पहाटे ढेकळे फोडणारा, पाणी मारून जमीन चोपणारा, चुन्याच्या रेघा आखणारा एखादा मुलगा असतो. सरावाला तो उन्हात दिवसभर चेंडू टाकतो. संघाची यादी लागते तेव्हा त्याचे नाव बाराव्या क्रमांकावरही नसते. कधी कारण गरिबीचे असते, कधी वाडीचे असते, आणि कधी, उघड कोणी बोलत नाही, पण जातीचे असते.

माझी गडबकरांना एवढीच विनंती आहे. पुढच्या हंगामात सामन्यांची वही घालाल तेव्हा तिच्यात एक पान जास्त घाला. मैदान कोणी तयार केले, सरावाला चेंडू कोणी टाकले, त्यांची नावे त्या पानावर पुरी लिहा, आडनावासकट लिहा. आणि त्यांतल्या प्रत्येकाला हंगामात एकदा तरी पॅड बांधून फलंदाजीला पाठवा. तो पहिल्या चेंडूवर त्रिफळाचीत होईल, होऊ द्या. निदान तो बाद झाल्याची नोंद तरी धावफलकावर राहील. बाळू पालवणकरांना पुण्याच्या त्या जाळीत बाद होण्याचीसुद्धा संधी मिळाली नव्हती.

 सतरंज्या घालणाऱ्या आणि खुर्च्या मांडणाऱ्या मुलांचे मी आभार मानतो. त्यांची नावे अध्यक्षमहाराजांनी समारोपात वाचून दाखवावीत, अशी त्यांना नम्र विनंती करतो आणि रजा घेतो.